टॉलिव्हरांच्या घराकडे

जूनमधल्या त्या रविवारी मी खाली आले तेव्हा माझी सत्त्याऐंशी वर्षांची आई जांभळी हॅट घालून दिवाणखान्यात बसली होती. हॅट चर्चची, पायात मात्र घरातल्या सपाता. आमचं घर आयुष्यात पहिल्यांदा आमच्या आर्डन वूड्स वस्तीच्या घरदर्शनात लागलं होतं. दार दुपारी उघडायचं होतं आणि बाईसाहेब सकाळपासून सज्ज.

"आई, अजून अर्धा दिवस जायचाय."

"जाऊ दे की. मी इथेच आहे."

"अगं, घरदर्शन मंडळाचा तो ब्रॅडक म्हणाला होता ना, त्या वेळात घरच्यांनी बाहेर जावं. बघणाऱ्यांना मोकळं वाटतं."

"त्या प्रिन्सिपलला सांग, या घरातून मी दोनच कारणांनी बाहेर जाते. एक चर्चला, आणि दुसरं म्हणजे शेवटचं. आज चर्चला दांडी मारलीय आणि मेलेही नाहीये."

खरं तर माझेही पाय जमिनीवर नव्हते. आदल्या दिवशी मी जिन्याचा कठडा इतका घासला होता की हात ठेवला तर घसरत होता. दर जूनमध्ये आमच्या वस्तीतली सात घरं लोकांसाठी उघडतात, अख्खं डेट्रॉइट तिकीट काढून बघायला येतं, आणि इतकी वर्षं आम्ही फक्त दुसऱ्यांच्या दारातल्या रांगा बघत आलो होतो. आता आमची पाळी.

इथे विटांची, जुन्या इंग्लिश ट्यूडर धाटणीची घरं ओळीनं उभी आहेत आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच देखणं. वाटू दे बापड्यांना. आमचं खरोखरच देखणं आहे. उंच, उतरतं स्लेटचं छप्पर. दर्शनी त्रिकोणी भिंतीत काळ्या लाकडाच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या मधल्या विटा सरळ न लावता तिरप्या, चटई विणल्यासारख्या. भिंतीत जागोजागी खंगर विटा आहेत, भट्टीत जास्त भाजून काळ्यानिळ्या आणि वाकड्यातिकड्या झालेल्या. एरवी असल्या विटा फेकून देतात. इथे मुद्दाम वेचून, अर्ध्या बाहेर काढून बसवल्यात. लहानपणी मी आणि माझा भाऊ त्यांना धरून वरच्या खिडकीपर्यंत चढायचो आणि खाली उतरलो की वडिलांचा मार खायचो.

जेवणाच्या टेबलाखाली, गालिच्याच्या आत एक बटण आहे. पायानं दाबलं की स्वयंपाकघरात घंटा वाजते. पहिल्या मालकिणीनं नोकरांना बोलवायला बसवलेलं. आमच्याकडे नोकर कुठले? पाहुणे हलायचं नाव घेईनात की वडील ते हळूच दाबायचे. मग आई आतून ओरडायची, "क्लीओफस, दुकानातून फोन आलाय!" त्यांचं औषधाचं दुकान होतं, त्यामुळे कोणालाही फोन खरा वाटायचा. बिचारे पाहुणे स्वतःच कोट शोधायला लागायचे.

आता भांडण कशावरून होतं ते सांगते. आमच्या वस्तीत घराला पहिल्या मालकाचं नाव असतं. ज्यानं बांधलं त्याचं नाव, पुढे तिथे कोणीही राहो. आमचं घर म्हणजे 'केस्लर हाऊस'. ऑगस्टस केस्लर हा भट्ट्यांची लोखंडी दारं बनवणारा कारखानदार. एकोणीसशे सव्वीस साली त्यानं घर बांधलं, जेमतेम चार हिवाळे काढले, मंदी आली आणि गडी कुटुंब घेऊन पळाला. आम्ही इथे साठ वर्षं आहोत. माझं अख्खं बालपण, भावाचं लग्न, वडिलांचं शेवटचं आजारपण, माझा घटस्फोट होऊन परत येणं, सगळं याच छपराखाली. तरी आम्ही कोण, तर 'नंतरचे रहिवासी'.

आणि यंदा मंडळानं ठरवलं होतं की घरदर्शनातल्या प्रत्येक घराच्या दारावर पितळी पाटी लावायची. पाट्या घरदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ओतायला जाणार होत्या. आमच्या पाटीवर लिहायचं होतं, केस्लर हाऊस.

हे ऐकल्यापासून आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि का ते मला माहीत होतं. चौसष्ट साली आम्ही इथे आलो तेव्हा या रस्त्यावरचं पहिलं काळं कुटुंब आमचं. पहिल्याच आठवड्यात दिवाणखान्याची खिडकी फुटली. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या त्या चौकटींच्या काचा सगळीकडे उडाल्या होत्या. वडिलांनी काचा गोळा केल्या आणि ठरवलं, दारावर नाव लावायचं नाही. पत्रपेटीवरही नाही. टपाल दुकानात यायचं. मला शिकवून ठेवलं होतं की कोणी विचारलं कुठे राहतेस तर रस्ता सांगायचा, आडनाव सांगायचं नाही. पुढे दिवस बदलले, शेजारी बदलले, चांगले लोक आले. पण वडिलांच्या मनातलं ते गेलं नाही. "लावू गं, लावू पाटी," म्हणत राहिले आणि तसेच गेले. दार कोरंच राहिलं.

मंडळाचा अध्यक्ष लायनेल ब्रॅडक दोन आठवडे आधी घरदर्शनाचा नकाशा दाखवायला आला होता. निवृत्त प्रिन्सिपल, गळ्यात बो टाय, आवाज प्रार्थनेच्या तासाचा. हाही आमच्यासारखाच काळा माणूस, शिकागोहून येऊन इथे स्थायिक झालेला. वाईट नाही हो. पण नियम दिसला की हा त्याच्यापुढे ताठ उभा राहतो.

"मिसेस टॉलिव्हर, नियम मी केलेला नाही," तो म्हणाला. "सातही घरांना तोच. तुमच्यासाठी बदलला तर उद्या प्रत्येक जण माझ्याकडे नाव घेऊन येईल."

"येऊ दे. प्रत्येकाला नाव असतंच."

"इतिहासाला एक शिस्त लागते, मॅडम."

"केस्लर चार वर्षं राहिला. माझा मुलगा याहून जास्त वर्षं कॉलेजात होता, त्याचं नाव दिलं का कॉलेजला?"

ब्रॅडकनं चष्मा पुसला. मी हसू दाबायला स्वयंपाकघरात गेले.

मग तिनं घरदर्शनाला हो का म्हटलं, हे मला कळेना. दुसऱ्याच रविवारी चर्चमध्ये कळलं. आमच्या न्यू केनन बॅप्टिस्टमध्ये प्रार्थनेनंतर सूचना सांगतात. आई काठी टेकत उभी राहिली आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी माझं घर उघडं आहे. सगळ्यांनी यायचं."

बस्स, एवढंच. सात घरं, नकाशा, मंडळ, कशाचा उल्लेख नाही. पाद्रीबुवांना तिकिटाचं माहीत होतं, त्यांनी चर्चतर्फे सगळ्यांची तिकिटं काढली आणि बसही ठरवली. पण बाकी मंडळींनी ऐकलं ते इतकंच, की मदर टॉलिव्हरचं घर उघडं आहे. चर्चमध्ये वडीलधाऱ्या बाईला आम्ही मदर म्हणतो, बाकीच्या बायकांना सिस्टर. आता आमच्या लोकांत 'घर उघडं आहे' याचा अर्थ लहान पोरही सांगेल. जेवायला जायचं, आणि रिकाम्या हातानं जायचं नाही.

*

दुपारी दार उघडलं आणि माणसांचा लोंढा आत आला. काय सांगू तुम्हाला! बुटांवर निळ्या पिशव्या चढवून लोक खोल्याखोल्यांतून फिरत होते, माना वर करून लाकडी छत बघत होते, खिडकीतल्या रंगीत काचेचे फोटो काढत होते. एक बाई बाहेर उभी राहून खंगर विटेवर हात फिरवत होती आणि नवऱ्याला बोलवत होती. मला तर वाटत होतं प्रत्येकाला जाऊन सांगावं, ती वीट माझी आहे, तिच्यावरून मी पडलेय.

माहिती सांगायला मंडळानं फिलिस नावाची बाई दिली होती. दोन गल्ल्या सोडून राहते, दातांची डॉक्टर आहे, गोड स्वभावाची. तिनं सगळी माहिती पाठ केली होती.

"ही मिस्टर केस्लर यांची वाचनाची खोली," फिलिसनं सुरुवात केली.

"इथे कोणी काही वाचलेलं नाही," आई खुर्चीतून म्हणाली. "इथे माझ्या मुलाला गोवर आला होता."

लोक हसले. फिलिसही हसली आणि पुढे सरकली. "जेवणघरात मिसेस केस्लर मोठमोठ्या मेजवान्या देत असत..."

"कोणाला देत असत?"

"अं... समाजातल्या प्रतिष्ठित लोकांना."

"आम्ही सगळ्यांनाच दिल्या. बटण दाखव त्यांना. टेबलाखालचं बटण दाखव!"

बटण दाखवलं. लोकांनी रांग लावून ते पायानं दाबून बघितलं. स्वयंपाकघरात घंटा इतकी वाजली की मला कानात बोटं घालावी लागली. एका टोपीवाल्या म्हाताऱ्यानं आईला विचारलं, "तुम्ही केस्लरांच्या कोण?"

मी आईकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला. "कोणी नाही," ती म्हणाली. "मी नुसती राहते."

ही आई मला माहीत नव्हती. मग माझ्या लक्षात आलं, मघापासून तिची नजर दाराकडे आहे. दोन वाजून गेले होते. चर्च कधीच सुटलं असणार. माणसांनी घर भरून वाहत होतं, पण आमचं ओळखीचं एकही तोंड त्यात नव्हतं. सिस्टर ओडेसा नाही, चर्चच्या गायकवृंदातलं कोणी नाही, तिनं ज्यांना पियानो शिकवला ते विद्यार्थी नाहीत. सगळे परके, आणि सगळे केस्लरचं घर बघायला आलेले.

"येतील गं," मी म्हटलं.

"मी म्हातारी झाले, ग्वेन," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या बोलावण्यावर आता कोण येतंय?"

इतक्यात माझा फोन वाजला. ओडेसा ग्राइम्स. अलाबामातून एकोणिसाव्या वर्षी डेट्रॉइटला आल्या तेव्हा पहिला महिना आमच्या माडीवर राहिल्या होत्या. तिथल्या खोल्या मुळात मोलकरणींसाठी होत्या. चर्चमध्ये नवीन आलेलं कोणीही असो, आई आधी तिथे झोपवायची आणि मग त्याला काम शोधून द्यायची.

"ग्वेन!" सिस्टर ओडेसा फोनमध्ये ओरडत होत्या. "तुझ्या आईनं घर विकलं की काय?"

"काय?"

"इथे तंबूत एक मुलगी म्हणते टॉलिव्हरांचं घरच नाही! मी केक हातात घेऊन उन्हात उभी आहे!"

मी पायातल्या निळ्या पिशव्यांसकट धावत सुटले.

*

वस्तीच्या तोंडाशी छोटी बाग आहे. त्या दिवशी गाड्यांना रस्ता बंद होता आणि सगळ्यांना बागेतल्या तंबूतूनच पुढे सोडत होते. गर्दी फार, म्हणून प्रत्येक गटाला कुठल्या घरापासून सुरुवात करायची ते तिथे ठरवून देत होते. मी पोचले आणि थबकले. चर्चची बस, मागे गाड्यांची रांग, आणि हिरवळीवर आमची निम्मी मंडळी, हॅट, सूट, पांढरे हातमोजे. प्रत्येकाच्या हातात काहीतरी. तळलेल्या कोंबडीचे ट्रे, चीज घातलेली मॅकरोनी, कोलार्डच्या पालेभाजीचं पातेलं, मसाला भरलेली अंडी, पीच घालून भाजलेला गोड कॉबलर. आईचे जुने विद्यार्थीही आलेले, आता त्यांचेच केस पिकलेले. आणि सगळ्यांच्या पुढे सिस्टर ओडेसा, दोन्ही हातांवर लोण्याचा केक तोलून, समोर ब्रॅडक.

"सिस्टर, मी पुन्हा सांगतो," ब्रॅडक म्हणत होता. "तुम्ही म्हणता ते घर म्हणजेच केस्लर हाऊस. नकाशावर चौथं."

"केस्लर कोण?"

"ज्यांनी ते बांधलं."

"त्यांनी मला बोलावलंय?"

"ते... मॅडम, ते वारले. फार वर्षं झाली."

"मग मेलेल्या माणसाकडे केक घेऊन कोण जातं? तिथे फुलं नेतात."

मागून कोणीतरी "आमेन!" म्हणालं. ब्रॅडकच्या मानेला घाम आला होता. "आणि कृपा करून लक्षात घ्या, घरदर्शनात खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत."

"न जेवता घर बघायचं?" ओडेसांना खरंच धक्का बसला. "ही कुठली रीत? अहो, घर आहे ते, दुकानाची काच नाही!"

मी मधे पडले. "सिस्टर, चला ना. रस्ता तुम्हाला ठाऊक आहे. आई केव्हाची दाराकडे डोळे लावून बसलीय."

त्यांनी मला जवळ ओढलं. केकचा वास नाकात गेला. "ठाऊक आहे गं," त्या कुजबुजल्या. "डोळे बांधून सोडलंस तरी पोचेन. पण तुझ्या आईनं त्या पाटीची सगळी कहाणी मला फोनवर सांगितलीय. या माणसाच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय मी इथून हलणार नाही. आणि मी नाही हलले तर यातलं कोणीही हलणार नाही."

म्हणजे बाई मघापासून सगळं ठरवून करत होती! मला हसू आवरेना, आणि रागही आवरेना. तीस वर्षं मी शहरबसच्या नियंत्रण कक्षात ड्रायव्हरांना झापलंय, तो आवाज मी बाहेर काढला.

"ब्रॅडक! दोन शब्द आहेत. म्हणून टाक!"

"ग्वेन, प्रश्न दोन शब्दांचा नाही. तत्त्वाचा आहे."

"मग तत्त्वाला सांग, इथे शंभर माणसं उभी आहेत."

"उभी कशाला?" सिस्टर ओडेसा म्हणाल्या. "बसा रे."

आणि बसली की मंडळी! आमच्या लोकांच्या गाडीत घडीच्या खुर्च्या कायम असतात. धडाधड उघडल्या. झाकणं निघाली. कोंबडीचा वास बागेत पसरला. पाद्रीबुवांनी डोळे मिटून अन्नाला आशीर्वाद दिला, तोही लांबलचक, आणि ब्रॅडकला नाइलाजानं मान खाली घालून उभं राहावं लागलं.

पुढचा प्रकार मी जन्मात विसरणार नाही. बाकीचे घरदर्शनवाले, हातात नकाशा घेतलेले परके लोक, आधी लांबून बघत होते. मग एक जण जवळ आला. कोणीतरी त्याच्या हातात ताटली दिली. मग दुसरा, मग त्याची बायको, मग एक अख्खं कुटुंब. बघता बघता रांगच वळली आणि कॉबलरपाशी येऊन थांबली. ब्रॅडकच्या कमरेचा वायरलेस खरखरायला लागला.

"अध्यक्ष, सहाव्या घरात एकही माणूस नाही. सगळे गेले कुठे?"

"अध्यक्ष, दुसरं घरही रिकामं आहे. काही झालंय का?"

ब्रॅडकनं वायरलेस बंद केला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेवढ्यात चष्मा लावलेली एक तरुण बाई, तोंडात अंड्याचा घास, त्याच्याकडे आली.

"माफ करा, ते टॉलिव्हरांचं घर कुठलं? या सगळ्या जणी सांगतायत तिथे काय काय झालंय ते. मला ते आधी बघायचंय. नकाशात सापडत नाही."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या दहाबारा जणांकडे, तेही नकाशा उलटसुलट करत होते. त्यानं टेबलावरचा भोंगा उचलला.

"केस्लर हाऊस, क्रमांक चार, या बाजूला!"

एका म्हाताऱ्यानं हाड चोखता चोखता त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा ताटलीत मान घातली. बाकी कोणी तेवढंही केलं नाही.

"मंडळी! केस्लर हाऊस!"

सिस्टर ओडेसांनी केकवरची माशी हाकलली.

ब्रॅडकनं भोंगा खाली घेतला. मला वाटलं, आता हा चिडून निघून जाणार. पण तो चष्मेवाल्या बाईला म्हणाला, "तुम्हाला खरंच तेच घर आधी बघायचंय?"

"अर्थात. तिथे कोणीतरी राहतं ना!"

मग त्यानं बो टाय सरळ केला, भोंगा तोंडाशी नेला आणि घसा खाकरला. खाकरणंसुद्धा अख्ख्या बागेला ऐकू गेलं.

"टॉलिव्हर हाऊस," तो म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "टॉलिव्हरांच्या घराकडे! या बाजूनं!"

एका झटक्यात सगळी उठली. खुर्च्या मिटल्या, झाकणं लागली. गायकवृंदातल्या बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि चालता चालता सूर धरला. पुढे सिस्टर ओडेसा केकसकट, मागे ट्रे, पातेली, हॅटी, आणि त्यांच्या मागे अर्धवट भरलेल्या ताटल्या घेतलेले परके. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या विटांच्या घरांतून लोक दारात येऊन बघायला लागले. मी रडत होते. हसतही होते. आणि पायातल्या त्या निळ्या पिशव्या पार फाटल्या होत्या.

*

आई दारात उभी होती. एका हातात काठी, दुसरा हात चौकटीवर, हॅट थोडी वाकडी. रस्ताभर माणसं बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

"अर्नेस्टीन, उशीर झाला गं!" ओडेसा पायऱ्यांपाशी येऊन धापा टाकत म्हणाल्या. "रस्ता विचारत बसलो होतो."

"तू? रस्ता विचारत?"

"या साहेबांनी सांगितला शेवटी."

आईनं ब्रॅडककडे बघितलं. तो भोंगा पोटाशी धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. लोकांनी वाट करून दिली तसा पुढे आला.

"मिसेस टॉलिव्हर, खाणं हिरवळीवर चालेल, आत नको," त्यानं आधी तेवढं सांगून घेतलं. मग खाली बघून म्हणाला, "आणि पाटीचं... मी एकट्यानं ठरवू शकत नाही. उद्या मंडळापुढे ठेवतो. मी स्वतः ठेवतो."

"पाटीचं उद्या बघ," आई म्हणाली. "मघाशी तू तिकडे काहीतरी ओरडलास. मला नीट ऐकू आलं नाही."

"टॉलिव्हर हाऊस म्हणालो, मॅडम."

"असं कानात नको सांगूस. त्या भोंग्यातून सांग. इथे वर ये. रस्त्याकडे तोंड कर."

ब्रॅडक पायऱ्या चढला. आईच्या शेजारी, त्या कोऱ्या दारापाशी उभा राहिला आणि रस्त्याकडे वळला. परकेही खायचे थांबले. चौसष्टपासून या रस्त्यावर आमचं नाव मोठ्यानं घेतलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं. घरातसुद्धा आम्ही ते खिडकी बंद असली की घ्यायचो.

"टॉलिव्हर!" ब्रॅडक ओरडला, प्रार्थनेच्या तासाचा सगळा आवाज पणाला लावून. समोरच्या घरांच्या विटांवर आपटून ते नाव परत आमच्याकडे आलं. "टॉलिव्हर!"

आईनं चौकट घट्ट धरली, मान ताठ केली आणि त्याच्याहून मोठ्यानं उत्तर दिलं.

"ओ! घरातच आहोत!"